नांदूर मध्यमेश्वरला बदकं आणि पाणवनस्पती ओळखायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जानेवारीत पहिल्यांदाच नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जायचं आहे, ८ बाय ४२ ची दुर्बीण घेतली आहे, पुस्तकही चाळून झालंय. पण बदकं सगळी सारखीच वाटतात, आणि वनस्पतींची सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

वनस्पतींपासूनच करा. त्या जागेवरून हलत नाहीत, दुर्बिणीत नीट मावतात आणि चुकलात तर उद्या परत त्याच जागी सापडतात. मुख्य म्हणजे कोणती वनस्पती उभी आहे यावरून तिथे पाणी किती खोल आहे ते कळतं, आणि खोली कळली की तिथे कोणते पक्षी असू शकतात त्यांची यादी चाळीसवरून पाच-सहावर येते. पाणथळीत जागा आधी वाचायची, पक्षी नंतर.

इथली जागा तशी वाचायला सोपी आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला गेला. मागच्या पाण्यात वर्षानुवर्षं गाळ बसत गेला, त्यातून बेटं, उथळ पट्टे आणि दलदल तयार झाली. पाटबंधारेवाल्यांची जी डोकेदुखी, तोच इथल्या पक्ष्यांचा संसार. १९८६ मध्ये हे अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. मात्र एक गोष्ट नकाशात दिसत नाही: बंधाऱ्यातून दोन्ही काठांचे कालवे निघतात, आणि आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलं, की पाण्याची पातळी बदलते. गेल्या आठवड्यात कुणी चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यासमोर चिखलात शेकडो तुतारी (सँडपायपर, चिखलात चरणारे छोटे पक्षी) पाहिल्या असतील, तर आज तिथे वीतभर पाणी आणि त्यात बदकं असू शकतात. म्हणून अमुक पक्षी अमुक मनोऱ्यावरून दिसतो असल्या माहितीवर फार विसंबू नका. आजची पातळी बघा.

आता काठापासून आत चला. काठावरच्या उंच हिरव्या भिंतीत बहुतेक दोन वनस्पती असतात आणि नवखा माणूस दोघींनाही गवत म्हणून मोकळा होतो. पाणकणीस, म्हणजे रामबाण, याची पानं थेट बुडातून निघतात, लांब पट्ट्यासारखी, आणि मधून सरळ दांडा वर येतो. दांड्यावर तपकिरी, मखमली कणीस. नीट पाहिलं तर कणसाचे दोन भाग दिसतात: खालचा जाड भाग मादीफुलांचा, वरचा बारीक भाग नरफुलांचा, आणि दोन्हींच्या मधे बहुधा थोडासा उघडा दांडा. नरफुलं लवकर झडतात, त्यामुळे जानेवारीत वर नुसती काडी उरलेली असते. देवनळ वेगळा: त्याला उसासारखी पेरं असतात, प्रत्येक पेराला एक पान, आणि टोकाला झुपकेदार तुरा. कणीस किंवा तुरा नसेल तर पान कुठून निघालंय तेवढंच बघा. बुडातून निघालं असेल तर पाणकणीस, पेरातून निघालं असेल तर नळ.

याच पट्ट्यात गुडघ्याएवढे लव्हाळे असतात. ओळखायची खूण डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते: देठ चिमटीत धरून फिरवला की तीन कडा लागतात. गवताचा दांडा गोल किंवा चपटा, आतून बहुधा पोकळ आणि गाठी असलेला. लव्हाळ्याचा भरीव, बिनगाठीचा, तिधारी. अपवाद आहेत. काही लव्हाळ्यांना पानंच दिसत नाहीत, नुसते गोल हिरवे देठ पाण्यातून दाभणासारखे उभे असतात. अशा वेळी टोकाजवळचा छोटा तपकिरी फुलोरा शोधा.

पाण्यावर तरंगणाऱ्यांत जलपर्णी सगळ्यांना माहीत आहे, तरी तीही चुकते. सुट्या रोपाचा देठ फुग्यासारखा फुगलेला असतो आणि कापला तर आत स्पंजासारखे हवेचे कप्पे दिसतात. पण गर्दी झाली की देठ लांब आणि सडपातळ होतात, फुगवटा जवळजवळ जातो, आणि लोक तिला दुसरीच वनस्पती समजतात. फूल असेल तर वाद नाही: फिकट जांभळ्या सहा पाकळ्या, त्यातल्या वरच्या पाकळीवर पिवळा डोळा. गोंडाळ म्हणजे लव असलेल्या फिक्या हिरव्या पानांचा उघडलेला कोबीच. त्याहून बारीक हिरवे दाणे दिसले तर एक दाणा उलटा करून बघा. खाली एकच मूळ लोंबत असेल तर लेम्ना, मुळांचा झुपका आणि तांबूस-जांभळी खालची बाजू असेल तर स्पायरोडेला, आणि मूळच नसलेला रव्याएवढा कण असेल तर वुल्फिया.

कमळ आणि कुमुद यांच्यातला फरक एकदा लक्षात ठेवला की पुरतो. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि पान पाण्यावर पडून राहतं. कमळाचं पान अखंड गोल, देठ मध्यभागी जोडलेला, आणि बरीच पानं पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी. कुमुदिनी ही तिसरीच, कासच्या तळ्यामुळे प्रसिद्ध झालेली: पान कुमुदासारखंच पण फूल जेमतेम रुपयाएवढं, पांढरं, पाकळ्यांवर झालर.

पाण्याखालच्या वनस्पतींना गावात सरसकट शेवाळ म्हणतात. त्यातल्या चार वेगळ्या करता आल्या तर पक्ष्यांच्या दृष्टीने पुष्कळ झालं. हायड्रिलाची छोटी पानं खोडाभोवती चार ते आठच्या वर्तुळात येतात आणि कडा दातेरी असल्यामुळे बोटाला खरखरीत लागतात. सिरॅटोफायलमचं पान टोकाकडे दुभंगत जातं, फांदी मांजराच्या शेपटीसारखी दिसते, आणि तिला मुळं नसतात. व्हॅलिसनेरियाची पानं बुडापासून निघणाऱ्या हिरव्या फितींसारखी. कारा ही खरी शैवाल गटातली. चुरगळली की उग्र, लसणासारखा वास येतो. बाहेर काढलेली पाणवनस्पती ओल्या केसांच्या गुंत्यासारखी चिकटून बसते आणि काहीच कळत नाही. पांढऱ्या डब्याच्या झाकणात दोन बोटं पाणी घ्या आणि तुकडा त्यात सोडा. पानं पसरतात, वर्तुळं मोजता येतात, फोटोही स्वच्छ येतो. मात्र अभयारण्यात काहीही उपटायचं नाही, तो गुन्हा आहे. हा सराव गावाबाहेरच्या पाझर तलावावर करा.

आता हा नकाशा पक्ष्यांवर ठेवा.

पाणकणसाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी, जांभळा बगळा आणि बोरू वटवट्या. बोरू वटवट्या दिसायला साधा तपकिरी, पण त्याची कर्कश, तुटक बडबड ऐकली की पुस्तक उघडायची गरज नाही. तरंगत्या पानांवर कमळपक्षी. इथे पुस्तक नवख्याला हमखास फसवतं: लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचं चित्र असतं उन्हाळ्यातलं, पांढराशुभ्र चेहरा, मानेमागे सोनेरी पट्टा आणि भली मोठी शेपूट घेऊन. जानेवारीत ती शेपूट नसतेच. वरून तपकिरी, खालून पांढरा, छातीवर काळसर पट्टा आणि मानेच्या बाजूला फिकट पिवळसर छटा एवढंच उरतं. खात्री करायची तर तो उडेपर्यंत थांबा: पंख पांढरे दिसतात. साध्या कमळपक्ष्याचे पंख उडतानाही गडद राहतात आणि पूर्ण वाढलेल्याला ठसठशीत पांढरी भुवई असते.

उघड्या पाण्यात, हायड्रिलाच्या पट्ट्यावर, काळ्या गोळ्यांसारखे शेकडोंनी दिसतील ते वारकरी. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. नाव कुणी ठेवलं असेल त्याला सलाम. तसाच काळसर पण लाल कपाळाचा, पिवळ्या टोकाच्या चोचीचा आणि कुशीवर पांढरी रेघ असलेला दिसला तर साधी पाणकोंबडी. ती काठ सोडून फार आत जात नाही. बदकासारखं वाटणारं, मुठीत मावेल एवढं, क्षणात बुडणारं ते टिबुकली. त्याला बदकांत मोजू नका.

आता बदकं. इथे वेळ घालवा, कारण सगळा घोळ इथेच होतो.

आधी रंग विसरा आणि बदक खातंय कसं ते बघा. डोकं खाली आणि शेपूट वर करून उभं राहणारी किंवा चोचीने पाण्याची वरची साय चाळणारी, ही उथळ पाण्यातली बदकं. ती पाण्यावर उंच बसतात, शेपूट पाण्याच्या वर असते, आणि उडताना जागेवरून थेट वर झेपावतात. पूर्ण बुडी मारून थोड्या अंतरावर वर येणारी ती डुबी बदकं, म्हणजे लालसरी, मोठी लालसरी, शेंडी बदक. ती पाण्यात खोल बसतात, शेपूट पाण्याला टेकल्यासारखी, आणि उडण्याआधी पाण्यावरून धावतात. एवढ्यावरून यादी निम्मी होते. अपवाद एकच लक्षात ठेवा: मोठी लालसरी उथळ पाण्यात डोकं बुडवूनही चरते.

मग चोच. थापट्याची चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाला फावड्यासारखी पसरलेली. नर असो की मादी, लांबूनही चुकत नाही. तो चोच पाण्याला लावून गोल फिरत राहतो. तलवार बदकाची मान लांब आणि बारीक, चोच राखाडी. नराच्या चॉकलेटी डोक्याच्या बाजूने पांढरी रेघ वर चढते. तरंग बदकाचं डोकं गोल, चोच आखूड, आणि नराच्या तांबड्या डोक्यावर कपाळभर साय ओतल्यासारखा पट्टा. ते गायीसारखं काठाच्या गवतावर चरतानाही दिसतं, बाकीची सहसा तसं करत नाहीत. गडवाल नर दुरून निव्वळ राखाडी, पण मागचा भाग काजळ फासल्यासारखा काळा. उडाला की पंखावर छोटा पांढरा चौकोन चमकतो.

हळदी-कुंकू बदक आपलं, बारमाही. जवळून पाहायला मिळालं तर नावाचा अर्थ लागतो: काळी चोच, टोकाला हळदीची बोटं लावल्यासारखी पिवळी, आणि मुळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचा ठिपका. पण ८ पट दुर्बिणीतून शंभर मीटरवर कुंकू दिसत नाही, आणि पिल्लांत ते अगदी फिकं असतं. तेव्हा पाठीकडे बघा. मिटलेल्या पंखाच्या मागच्या भागात स्वच्छ पांढरा पट्टा दिसतो आणि पाय नारिंगी असतात. नर-मादी जवळपास सारखेच, त्यामुळे खवलेदार अंगाची सगळी बदकं जोडीने एकसारखी दिसत असतील तर पहिला संशय हिच्यावर घ्या.

खरी परीक्षा तपकिरी माद्यांची. तिथे तीन प्रश्न विचारा: चोचीचा आकार काय, चेहऱ्यावर पट्टे किती, उडताना पंखावरचा चौकोन कोणत्या रंगाचा. चोच भली मोठी असेल तर थापट्याची मादी. चौकोन पांढरा आणि चोचीच्या कडा नारिंगी असतील तर गडवालची. बदक छोटं, चौकोन हिरवा आणि शेपटीच्या बाजूला फिकट रेघ असेल तर चक्रांग. तेवढंच छोटं, पण डोळ्यातून गडद रेघ, वर फिकट भुवई आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असा पट्ट्यापट्ट्यांचा चेहरा असेल तर भुवई बदकाची मादी. भुवई बदकाचा नर सोपा: तपकिरी डोक्यावर चंद्रकोरीसारखी पांढरी भुवई, मानेपर्यंत उतरलेली.

तुम्ही जानेवारीत जाताय हे बरं. स्थलांतरित बदकांचे नर ऑक्टोबरच्या सुमारास येतात तेव्हा अनेकांचा रंग उतरलेला असतो आणि ते माद्यांसारखेच दिसतात. डिसेंबरपर्यंत बहुतेकांना नवी पिसं आलेली असतात. भुवई बदक याला उशीर लावतं, त्यामुळे जानेवारीतही अर्धवट रंगातला नर दिसला तर गोंधळू नका. ऑक्टोबरात पहिल्यांदा गेलेला माणूस निराश होऊन परत येतो तो यामुळेच.

बगळ्यांत पांढऱ्यांची भानगड असते. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी, पायमोजे घातल्यासारखी. बोटं चिखलात असली तर दिसत नाहीत. तो पाय उचलेपर्यंत वाट बघा. गुरांच्या मागे फिरणारा, आखूड पिवळ्या चोचीचा तो गाय बगळा. मोठा आणि मध्यम यांतला फरक उंचीवरून करायला जाऊ नका, जवळ तुलनेला दुसरा पक्षी नसेल तर उंची नेहमी फसवते. तोंडाची रेघ बघा: मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यममध्ये डोळ्याखालीच संपते. चोचीच्या रंगावर तर अजिबात जाऊ नका. विणीच्या काळात दोघांचीही पिवळी चोच काळी पडते.

चिखलातल्या पक्ष्यांसाठी ८ पट कमी पडते. २० ते ६० पटीचा स्कोप, म्हणजे तिवईवर लावायची मोठी दुर्बीण, असलेला कुणी सोबत असेल तर उत्तम. नसेल तर हातात जे आहे त्यात चार-पाच पक्षी पक्के करा. शेकाट्याला कुणीच चुकत नाही: लालगुलाबी, काडीसारखे लांब पाय. साधी तुतारी सतत मागचा भाग वरखाली हलवते आणि पंख आणि छातीच्या मधे पांढरी पाचर आत शिरलेली असते. ठिपकेवाल्या तुतारीला लांब फिकट भुवई आणि पिवळसर पाय. हिरवी तुतारी जास्त गडद, उडाली की पंखाखालून जवळपास काळी आणि कमरेला लख्ख पांढरी. लहान टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. आणि इथेच मोठी फसगत: चिखल वाळला की पिवळे पायही काळेच दिसतात. पक्षी पाण्यातून चालून बाहेर आला की लगेच बघा, किंवा पायांचा नाद सोडून पाठ आणि छाती बघा. सँडपायपर वर्गातल्या बारीक, सुईसारख्या चोचीच्या पक्ष्याला मार्श सँडपायपर म्हणा, किंचित वर वळलेल्या जाड चोचीच्या मोठ्या पक्ष्याला ग्रीनशँक.

एकाएकी सगळी बदकं उठली तर बदकांकडे नाही, वर बघा. पंख उथळ इंग्रजी व्ही-सारखे धरून पाण्यावरून नीट खाली तरंगत येणारा बहुधा दलदल भोवत्या असतो. मादीचं डोकं आणि गळा सायीच्या रंगाचा. शेपटीला खाच दिसली तर ती आपली घारच.

काठावर बसल्या बसल्या कीटकही बघा. बसल्यावर पंख आडवे पसरून ठेवतो, डोळे मोठे आणि बहुधा एकमेकांना चिकटलेले, तो चतुर. पंख पाठीवर मिटून ठेवते, डोळे दोन टोकांना, अंग काडीसारखं, ती टाचणी. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात, म्हणून डोळ्यांची खूण जास्त भरवशाची. गढूळ, सांडपाणी मिसळलेल्या काठावर नारिंगी पंखांचा छोटा चतुर भरपूर दिसला तर तो डिच ज्युएल. घाण पाणी त्याला चालतं. तो एकटाच दिसत असेल आणि बाकीच्या जाती नसतील तर त्या काठाबद्दल ते पुरेसं बोलकं आहे.

पाण्यात डोकं वर काढून पोहणारा साप बहुधा दिवड: पाठीवर चौकटीसारखे काळे ठिपके, डोळ्याच्या खालून आणि मागून निघणाऱ्या दोन तिरक्या काळ्या रेघा. बिनविषारी, पण चावरा. ही खूण लांबून बघण्यासाठी आहे, हात लावून खात्री करण्यासाठी नाही. काठाच्या शेतात घोणसही असते.

ओळख चुकण्याची बहुतेक कारणं पक्ष्यात नसतात, उजेडात असतात. सूर्य समोर असेल तर प्रत्येक बदक काळं होतं, म्हणून सकाळी पूर्वेकडे तोंड करून बसू नका, सूर्य पाठीशी येईल असा काठ निवडा. दहानंतर पाण्यावर हवा थरथरू लागते, तेव्हा लांबचे पट्टे आणि रेघा आपोआप तयार होतात आणि नसलेल्या जाती दिसतात. तेवढ्या वेळात जवळच्या वनस्पती आणि चतुर बघा. मोबाइलवरचं ॲप नाव सुचवतं ते ठीक, पण ती जात इथे जानेवारीत असते का हे नकाशावर तपासल्याशिवाय नोंद करू नका.

वही ठेवा, आणि नावाआधी खुणा लिहा: पाणी किती खोल, कोणती वनस्पती, खात कसा होता, चोच, चेहरा, पंखाचा चौकोन. नाव आधी लिहिलं की डोळे त्या नावाच्या खुणा शोधू लागतात. थवा मोजताना दहा पक्षी नीट मोजा, दहाचा तो गठ्ठा किती जागा व्यापतो ते बघा, आणि तेवढ्याच मापाने पुढचा थवा भागा. मोठ्या थव्यात शंभराचा गठ्ठा धरा. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिथे याच पद्धतीने आकडे भरले जातात, त्यामुळे तुम्ही जाल त्या दिवसांत मनोऱ्यावर वही घेतलेले मोजणारे भेटण्याची शक्यता आहे. त्यांच्या शेजारी तासभर उभे राहा. त्यांच्याही तक्त्यात ‘बदक, अनोळखी’ असा रकाना असतो आणि तो रिकामा क्वचितच राहतो.